आवाज आत, चेहरा बाहेर

आमच्या मंडळात गणपतीसाठी गाणं बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, आवाज कोण? आणि दुसरा, चेहरा कोण? रायपूरच्या मराठी माणसांना यात काही वावगं वाटत नाही. ज्याला गाता येतं त्यानं पडद्यामागे माइक धरून उभं राहायचं, जो दिसायला बरा त्यानं समोर ओठ हलवायचे. समोर बसलेल्या एकूण एक माणसाला हे ठाऊक असतं आणि तरी टाळ्या ओठ हलवणाऱ्यालाच मिळतात. फार पूर्वी रेल्वेतल्या कुणा साहेबाच्या देखण्या मुलीला स्टेजवर यायचं होतं आणि तिचा गळा कावळ्याचा होता, तेव्हा ही सोय निघाली असं म्हणतात. साहेब बदली होऊन गेले, सोय राहिली.

मी त्या सोयीतला आवाज. शाळेत असताना एकदाच मी समोर उभी राहून गायले. माझा रंग काळा, पुढचे दात ओठांवर आलेले, आणि सूर वर चढला की माझं तोंड डावीकडे ओढलं जातं, कुणी गालाला आकडा लावून ओढावं तसं. गाणं संपल्यावर तेव्हाचे अध्यक्ष माझ्यादेखत माझ्या वडिलांना म्हणाले, "पोट्टीचा आवाज लय गोड हाये, पण पाहून ऐकवत नाही." अध्यक्ष हसले म्हणून वडीलही हसले. पुढच्या वर्षी मी पडद्यामागे गेले आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होते.

चेहरे बदलत गेले. गेली बरीच वर्षं चेहरा म्हणजे माझी धाकटी जाऊ. नागपूरची, गोरी, गालाला खळी, आणि त्या खळीचा तिला पुरेपूर अंदाज. तात्यापारा मोहल्ल्यात आम्ही एकाच घरात राहतो, वरच्या मजल्यावर ती आणि खाली मी. ती गात नाही. आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवते. पण माझ्या तानेवर तिची मान अशी काही डोलते की नवख्या माणसाला वाटावं, तान तिथूनच निघाली. मला तिचा राग येतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिलाही ते माहीत आहे.

तर अशी मी, आणि मी एक सिनेमा पाहिला. रायपुरात मराठी सिनेमे कधीतरीच येतात, म्हणून मंडळानं मॉलमधल्या टॉकीजचा सकाळचा एक खेळ ठरवून घेतला होता. सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की जो तो आपलं मत काढून बसतो, आणि मला इथे फक्त माझंच सांगायचं आहे.

वऱ्हाडातल्या एका गावात लग्नाच्या वरातीत वाजवणारा बँड असतो. बँडमालक ट्रम्पेट वाजवतो आणि त्याची मुलगी भोंग्यांच्या गाडीवर उभी राहून गाते. एवढीच गोष्ट, बाकी गाणीच गाणी. ही गाणी शूटिंग चालू असताना तिथल्या तिथे गायलेली होती. हे मी नंतर मोबाइलवर वाचलं, पण कानाला पहिल्याच गाण्यात कळलं होतं. नटीचा श्वास ऐकू येत होता. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की सूर हलत होता. माझ्यासारखीपासून अशी गोष्ट लपत नाही, मी जन्मभर दुसऱ्याच्या तोंडासाठी गायले आहे.

त्या नटीला गाणारी म्हणता येणार नाही. शास्त्रानं पाहिलं तर आवाज पातळ, वरच्या षड्जाला दर वेळी केसभर खाली राहते. पण ती गाताना काय काय करते ते बघावं. सिनेमातल्या बायका गायला लागल्या की कुठेतरी लांब, आभाळात बघतात. ही बघत नाही. नवरदेवाच्या रूपाचं गाणं गाता गाता तिची नजर पायाखालच्या वायरीवर असते, मग ड्रायव्हरवर, मग दारू पिऊन गाडीला लोंबकळणाऱ्या वरपक्षाच्या काकावर. ओळ संपत आली की ती बापाकडे बघते, ट्रम्पेट ओठाला लागलं का ते पाहून घेते आणि मगच ओळ सोडते. गाणाऱ्याचं अर्धं लक्ष नेहमी कामावर असतं, हे गाणाऱ्यालाच ठाऊक. तिला ते कुणी सांगितलं देव जाणे.

आणि तिचं तोंड वाकडं होत होतं. वर चढताना जबडा उजवीकडे सरकायचा, नाकपुडी फुगायची, मानेची शीर दोरखंडासारखी दिसायची, आणि कॅमेरा हटायचा नाही. एवढ्या मोठ्या पडद्यावर एक बाई बिनदिक्कत कुरूप होऊन गात होती आणि चारशे लोक तिच्याकडे बघत होते. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. पाहूनही ऐकवतं, हे मला माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं.

शेवटच्या गाण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. दुपारी बाप मरतो. वरातीची सुपारी घेतलेली असते, म्हणून बापाला घरात तसाच झाकून ठेवून मुलगी गाडीवर चढते. गाणं आनंदाचं, व्याह्यांच्या थट्टेचं. पहिलं कडवं ती झोकात गाते. दुसऱ्या कडव्यात, अगदी साध्या एका शब्दावर, तिचा गळा फाटतो. बँड वाजतच राहतो. ती घसा खाकरते, कफ अडकल्यावर आपण खाकरतो तसा, कसलीही नजाकत नाही. जिथे बाप उभा राहायचा ती जागा सोडून बाकी सगळीकडे बघते. मग तीच ओळ खालच्या सुरात उचलते आणि गाणं पूर्ण करते. डोळ्यांत टिपूस नाही. थिएटरात मी मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

बाहेर आल्यावर बूढ़ापाऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "हिरोईन काही खास नाही बा. अन् शेवटी तर आवाजच बसला तिचा. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायले काय झालं होतं?"

मी म्हटलं, "काकू, तुमच्या घरी मयत झाली का तुम्ही दोनदा रडता? एकदा प्रॅक्टिसचं?"

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्यांची उणीव भासलेली नाही.

नंतर तो सिनेमा मोबाइलवर आला. कणीक मळताना फोन बरणीला टेकवून मी तो प्रसंग लावायची. जावेची मुलगी खाली आली की म्हणायची, "बड़ी मम्मी, फिर वही सीन? आप बोर नहीं होते?" तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदी. तिला काय सांगणार? मी तो शब्द फाडून बघत होते. घरात कुणी नसताना ते गाणं सुरू करायचं आणि त्या शब्दावर गळा सोडून द्यायचा. जमेना. लहानपणी बूढ़ापाऱ्यात मी ज्या गुरुजींकडे शिकले ते रोज सकाळी एकच वाक्य म्हणायचे, गळ्यातला कचरा काढ. घोगरा सूर लागला, कचरा. कंप आला, कचरा. माझी आजी गेली त्या आठवड्यात आवाज दाटून यायचा, तोही कचराच. त्यांनी सगळा काढला. आता मी फाटायला जाते तर तिथे एक सुबक मुरकी येते. एका दुपारी चिडून मी कणकेचा गोळा भिंतीवर मारला आणि ओरडले, तर ओरडणंसुद्धा सुरात आलं.

तरीही मला ते गाणं गायचं होतं, आणि समोर उभं राहून गायचं होतं. मरायच्या आधी एकदा. मला वाटलं, गळा फाटत नसला तरी माझं तोंड आहे. ते वाकडं तोंड लोकांनी पाहिलं तर जे गळ्यात नाही ते तिथे दिसेल. यंदाच्या गणपतीत मंडळानं तेच गाणं घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, "या वर्षी आवाज मी आणि चेहराही मीच."

सचिवांना सगळे भैया म्हणतात, जरी ते रिटायर होऊन नातवंडं खेळवतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "वहिनी, आवाज तर तुमचाच राहीन. त्यात काही डाउट नाही. पण सामने... म्हणजे कसं, लोकं फॅमिली घेऊन येतात न."

जणू माझं तोंड म्हणजे मुलाबाळांना न दाखवण्याजोगी गोष्ट. मी काही बोलणार तोच जाऊ खळी पाडत म्हणाली, "ताई, तुम्हीच उभ्या राहा न सामने. मले काहीच नाही. फक्त लोकं हसले तर मले लय वाईट वाटन."

बैठकीतले लोक आधीच हसून मोकळे झाले. मी खाली बसले आणि म्हटलं, ठीक आहे, मी मागेच बरी. इतक्या लवकर मी कधी माघार घेत नाही. तिनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

माझा बेत सरळ होता. गाण्याचा ट्रॅक आवाज काढून टाकलेला होता, नुसता बँड. तालमींमध्ये मी ते कडवं स्वच्छ, एकसंध गात गेले. जावेला मी श्वास कुठे घेते तेसुद्धा पाठ करून दिलं, म्हणजे तिचे ओठ जरासुद्धा चुकू नयेत. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र त्या शब्दावर मी माइकचं बटण बंद करणार होते. फाटता येत नाही तर बंद तरी होता येतं. बँड चालू राहील, आवाज जाईल, आणि तिचे ते सुंदर ओठ सगळ्या मराठी रायपूरसमोर मासोळीसारखे उघडझाप करत राहतील. ती उघडझाप फॅमिली घेऊन आलेल्या लोकांनी बघावी.

कार्यक्रम बूढ़ापाऱ्यातल्या हॉलमध्ये संध्याकाळी होता. मागच्या काळ्या पडद्याला एक फट आहे. त्या फटीतून मी इतकी वर्षं जग पाहत आले. दिसतं काय, तर चेहऱ्याची पाठ आणि पहिल्या दोन रांगा. जावेनं बँडवाल्यांसारखा लाल कोट घातला होता, अंबाड्यावर गजरा. पहिलं कडवं झोकात गेलं. लोक ठेका धरत होते. दुसरं कडवं सुरू झालं, तो शब्द आला, आणि मी बटण दाबलं.

पुढच्या दोन शब्दांवर तिचे ओठ हलले असावेत, मला मागून तिचा गजरा तेवढा हलताना दिसला. मग थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आवाज!" हशा पिकला. एक शिट्टी आली. तिची गोरी मान कोटाच्या कॉलरवर लालबुंद होत गेली आणि मला इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आणि मग ती गायला लागली.

माइक नाही, काही नाही. पातळ, कोरडा, घाबरलेला आवाज. पहिली दोन अक्षरं उमटलीच नाहीत. तिसरं उमटलं ते चिरकलं. तिनं घसा खाकरला. कफ अडकल्यावर आपण खाकरतो तसा. तिची मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पण मागे पडद्याकडे वळली नाही. मग तिनं ती ओळ खालून उचलली, बँडच्या सुराशी काही संबंध नसलेल्या भलत्याच जागी, आणि गात गेली. शिट्टी थांबली. पहिल्या रांगेत त्याच काकू बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

माझं बोट बटणावर होतं. मी माइक चालू करू शकत होते. एका सुरात मी तिला झाकून टाकलं असतं, लोक म्हणाले असते, आला आवाज. मी केलं नाही. तिची दया आली असं कुणी समजू नये. मी तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला होता की मला कळत होतं समोर काय चाललंय. जे त्या नटीनं केलं, जे मी बरणीला फोन टेकवून शोधत होते, ते माझ्यापासून दोन हातांवर या बिनगळ्याच्या बाईला सापडलं होतं, आणि माझा स्वच्छ सूर तिथे घाण दिसला असता. गाणं बिघडवायला माझा हात उचलेना.

टाळ्या जरा उशिरानं आल्या. मी आयुष्यभर टाळ्या मागून ऐकल्या आहेत, कुठल्या कुणाच्या ते मला कळतं. या पहिल्यांदाच तिच्या होत्या.

भैया धावत मागे आले. "वहिनी, माइक गेला होता वाटते. पण पाहा न, जे झालं ते बरंच झालं! आता पुढच्या साली आवाजाचं टेन्शनच नाही, त्या स्वतःच गातीन. तुम्ही आरामात सामने बसून पाहा." इतक्या वर्षांनी मला समोरची जागा मिळाली, ती खुर्चीची.

घरी आल्यावर जाऊ जिन्यावर थांबली. गजरा काढून हातात घेतला होता. "ताई, माइक तुम्ही बंद केला होता न?"

"हव."

"मले माहीत होतं. बटणाची टक् ऐकू आली मले." ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "मग मी गाऊन राहिली होती तेव्हा पुन्हा चालू काहून नाही केला?"

"तू बरोबर गाऊन राहिली होतीस."

हाही टोमणाच आहे का ते ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. माझ्या चेहऱ्यावर शोधून कुणाला काय सापडणार? "खरंच? मले तर वाटलं मी बेसूर झाली."

"बेसूरच होतीस."

तिला काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही. समजावता आलं असतं. उभ्या रायपुरात तिला ते समजावू शकेल असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

विसर्जनानंतर एका सकाळी ती खाली आली. हातात पेढे, नारळ, डोक्यावर पदर. पदर ती सासूबाईंसमोरही घेत नसे. "ताई, मले गाणं शिकवा. पुढच्या साली अशी फजिती नको. मले तुमच्यासारखं साफ गायचं आहे."

मी तिच्याकडे बघितलं. शिकू नकोस, असं म्हणता आलं असतं. जी आहेस तशी उभी राहा, घाबर, आणि गा, एवढं सांगून तिला परत पाठवता आलं असतं. त्या नटीवर मी इतका जीव टाकला होता, तिच्यासाठी तरी एवढं करायला हवं होतं. मी नारळ घेतला आणि म्हटलं, "उद्यापासून सकाळी ये. उपाशी ये."

ती येते. एक दिवस चुकवत नाही. मेहनती आहे, हे मला कबूल करावं लागतं. षड्ज लावून बसते, खळी न पाडता. सुरुवातीला त्या शब्दावर आली की दर वेळी चिरकायची आणि ओशाळून माझ्याकडे बघायची. मी तंबोऱ्याच्या ॲपवरून नजर न काढता म्हणायची, गळ्यातला कचरा काढ. पुन्हा. पुन्हा म्हण. हळूहळू घोगरेपणा गेला, मग कंप गेला. तिची मुलगी जिन्यावरून ओरडते, "मम्मी, कितना अच्छा गा रहे हो!" आणि ती लाजते.

परवा तिनं ते कडवं अखंड म्हटलं, कुठेही न अडता. त्या शब्दावर तर न शिकवता एक सुबक मुरकी आली. तिला स्वतःलाच इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि तिनं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी आशीर्वाद दिला. पुढच्या गणपतीपर्यंत ती अगदी माझ्यासारखी गाईल.